पाच कोटी साठ लक्ष बावन्न हजार तीनशे एकसष्ट

सूचनाफलकावर, हरवलेल्या छत्रीच्या चिठ्ठीखाली, माझी संख्या टाचलेली होती. पांढरे कार्ड, काळी शाई आणि आठ अंक: ५,६०,५२,३६१. खाली सही नाही, वर नाव नाही. नाव लिहिण्याची आमच्या गणित विभागात पद्धतच नाही. त्या आठवड्यात निवृत्त होणारा माणूस एकच असतो, आणि आपली संख्या त्याने ओळखावी अशी अपेक्षा असते. मी चष्मा कपाळावर सरकवून ती वाचली, चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचली, आणि भाताचा घास मऊ आहे असे समजून चावावा आणि दाताखाली खडा यावा तसे काहीसे झाले. खडा लहान होता, पण दात माझा होता.

इतर विभागांत निवृत्तांना घड्याळ देतात. ज्याला आता वेळच वेळ आहे त्याला वेळ मोजायचे यंत्र देण्यामागचा विनोद त्यांच्या कधी लक्षात आलेला नाही. आम्ही संख्या देतो. एक सहकारी ती निवडतो आणि आधी फलकावर लावतो, म्हणजे निवृत्त होणाऱ्याला तिची तपासणी करता येते. निरोपाच्या चहाला आधी तो उभा राहून आपल्या संख्येत काय काय सापडले ते सांगतो, आणि मग निवडणारा उठून त्याच्या नजरेतून काय सुटले ते सांगतो. पद्धत सुंदर आहे. ती इतकी वर्षे सुंदर राहिली याचे कारण निवडण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडे होते. मागच्या विभागप्रमुखांना मी १०,४८,५७६ दिली. ही न्यून संख्या. तिचे स्वतःखेरीज सगळे विभाजक गोळा करून बेरीज केली तर ती संख्येपेक्षा बरोबर एकाने कमी भरते. सगळे काही आहे, एकच गोष्ट कमी आहे, असे मी म्हणालो, आणि ती कोणती हे सभागृहात कोणी विचारले नाही. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाला, ज्याला आम्ही सगळे 'सरासरी' म्हणत असू, मी ९४५ दिली: विषम असूनही विपुल असणारी, म्हणजे जिच्या भागांची बेरीज तिच्याहूनही जास्त भरते अशी, सर्वांत लहान संख्या. सरासरीच्या अंगी जेवढे ज्ञान होते त्याहून अधिक तो बोलत असे, हे त्यात आलेच. तो मात्र खूश होऊन एवढेच म्हणाला, "तीनच अंक? तुझा हात आखडता तो आखडताच." मूळ संख्या, जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कोणीही निःशेष भागू शकत नाही, ती मी कोणालाही दिली नाही. मूळ संख्या मागून मिळत नसते, आणि लायकी असलेला माणूस अजून निवृत्त व्हायचा होता.

आता त्याचीच वेळ आली होती, आणि निवड केली होती माझ्याच जुन्या विद्यार्थिनीने. ती आता विभागप्रमुख आहे. मी तिला शिकवले आणि ती मला रजा मंजूर करते. विद्यापीठ नावाच्या संस्थेत काळ असाच सरकतो. त्या दुपारी विभागाची सभा होती. विषय पत्रिकेवर तीन होते आणि तिन्ही पंख्यांचे होते. जगात इतकी पुस्तके लिहिली गेली, त्यांतली बरीच मी वाचली, आणि त्यांतल्या एकाही पुस्तकाने मला पंख्यांच्या सभेत जिवंत कसे राहावे हे सांगितले नाही. म्हणून मी माझ्या संख्येला भागू लागलो. तीन गेला नाही. अंकांची बेरीज अठ्ठावीस. सातने भागल्यावर एक उरला. अकराने भागल्यावर दोन, तेराने पुन्हा एक. पंखे छताला असावेत की भिंतीला यावर दोन तरुण व्याख्याते एकमेकांना 'आदरणीय' म्हणू लागले, म्हणजे प्रकरण हातघाईवर आले होते. मी शंभरी ओलांडली. मोठ्या भाजकांची गंमत अशी की त्यांच्या पाढ्यांत शिरताना माणूस अनोळखी गल्लीत शिरल्यासारखा सावध होतो आणि बाहेर पडताना उगाचच शीळ घालतो. एकशे त्र्याहत्तर, एकशे एकोणऐंशी, एकशे एक्याऐंशी. पुढे एकशे एक्क्याण्णव, एकशे त्र्याण्णव, एकशे सत्त्याण्णव. एकशे नव्याण्णवची बाकी काढून संपते न संपते तोच विभागप्रमुख म्हणाली, "सर, तुमचं काय म्हणणं?"

"भाग जात नाही," मी म्हणालो.

तिच्या ओठांचा एक कोपरा हलला, तो मी पाहिला. इतिवृत्तात मात्र 'ज्येष्ठ सदस्यांचा भिंतीच्या पंख्यांना विरोध' अशी नोंद झाली, आणि पंखे छताला लागले. माझ्या कारकिर्दीतला हा एकमेव प्रशासकीय विजय.

सभा संपल्यावर मी सहाव्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत गेलो. ही खोली मला ज्येष्ठतेने मिळाली. मोठी, पूर्वेकडे खिडकी, आणि दुसरे टेबल नाही. दार मी नेहमी सताड उघडे ठेवतो, त्यामुळे त्यावरची पाटी भिंतीकडे तोंड करून उभी असते, शिक्षा झालेल्या मुलासारखी. खोल्यांच्या बाबतीत मी आयुष्यभर एकच हट्ट धरला: क्रमांक मूळ संख्या हवा. चौथ्या मजल्यावर मला एकदा उजेडाची, गच्चीला लागून असलेली खोली देऊ केली होती; तिला सातने भाग जात होता. मी तिच्याऐवजी मधोमध खांब असलेली घेतली. कारकुनाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती अजून आठवते. पण एकदा क्रमांक तपासून खोलीत शिरलो की पुढे तो मी पाहत नाही. आपल्याच दारावरचा आकडा कोण वाचतो? त्या दुपारी मी खुर्चीत बसलो आणि हाताने भागत राहण्याऐवजी संगणकाला घातकसोटी लावायला सांगितली. कसोटी सोपी आहे. कोणतीही लहान संख्या घ्यावी, तिचा मोठ्या संख्येइतका घात करावा, आणि येणाऱ्या अवाढव्य फळाला त्या मोठ्या संख्येने भागावे. बाकी म्हणून तीच लहान संख्या जशीच्या तशी परत आली, तर मोठी संख्या बहुधा मूळ. मी दोन पाठवला. दोन परत आला. तीन पाठवला; तीन परत आला. पाच, सात, दहा, सगळे सुखरूप परतले. खिडकीतून समोरच्या इमारतीवर एक माणूस टाकी धुताना दिसत होता, आणि त्याच्यावरही माझा लोभ जडला. मूळ. मला मूळ संख्या दिली होती. पोरीने शेवटी ओळखले.

घरी बायको जेवायला थांबली होती. ती दंतवैद्य आहे; दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात डोकावून आल्यामुळे घरी कोणी तोंड उघडले की तिला ते सहज खरे वाटत नाही.

"मला मूळ संख्या मिळाली," मी म्हणालो.

"मूळ? मग दुखत असेल तर काढून टाकू."

"जिला एकाशिवाय आणि स्वतःशिवाय कुणीही भागू शकत नाही, अशी."

तिने आमटीचे भांडे माझ्याकडे सरकवले. "तो एक म्हणजे मी का?"

"एकानं भागलं तर काहीच फरक पडत नसतो."

"तेच विचारतेय."

मी हसलो. ती हसली नाही. म्हणजे ती माझ्याहून जास्त हसत होती. मग तिने विचारले, "अहो, पण मूळ असणं चांगलं का वाईट?" आणि मी तिला अभेद्यतेवर, एकाकी शिखरांवर, आणि ज्यांचे तुकडे करून वाटून घेता येत नाहीत अशा माणसांवर जे काही सांगितले ते इथे लिहीत नाही. ते सुंदर होते आणि मी ते तीन भाषांतल्या दाखल्यांसह सांगितले. मधेच ती उठून दही लावून आली.

सकाळी दाढी करताना, गालाला साबण फासलेला असताना, एकशे नव्याण्णव हा आकडा मला आरशात दिसला. मी एकशे नव्याण्णवपाशी थांबलो होतो. पंख्यांनी मला थांबवले होते. आणि नंतर जी कसोटी मी लावली ती पुरावा नव्हे, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना मी ओरडून नव्हे, हळू आवाजात सांगत आलो. हळू आवाज मनाला जास्त लागतो. काही संयुक्त संख्या अशा असतात की घातकसोटीचा प्रत्येक प्रश्न त्या मूळ संख्येसारखाच सोडवतात. कोणताही आकडा पाठवा, तो जसाच्या तसा परत करतात. आमच्या विभागात त्यांना 'तोतये' म्हणतात. वस्त्रे राजाची, चाल राजाची, दरबारही फसलेला. आणि आत तीन सामान्य माणसे एकमेकांच्या खांद्यांवर उभी. एकशे नव्याण्णवनंतरची मूळ संख्या दोनशे अकरा. वस्तरा हवेत धरून मी भागाकार केला. भाग गेला. बाकी शून्य. उरली दोन लाख पासष्ट हजार सहाशे एक्कावन्न, आणि ती साबण वाळेपर्यंत फुटली: चारशे एकवीस गुणिले सहाशे एकतीस. तिन्हींतून एक वजा केला की दोनशे दहा, चारशे वीस, सहाशे तीस. आणि माझ्या संख्येतून एक वजा केल्यावर जे उरते त्याला या तिन्हींनी भाग जातो. तोतयाची हीच खूण. पुस्तकात असावा तितका निर्दोष तोतया. मी उरलेली दाढी अत्यंत व्यवस्थित केली. मला राग आला की माझा हात स्थिर होतो. शल्यविशारदांना हे वरदान असते, सहकाऱ्यांना नसते.

कारण मला तत्क्षणी आठवली तिची तोंडी परीक्षा. ती प्रबंधाच्या शेवटच्या टप्प्यावर होती आणि फळ्यावर २९,३४१ लिहून सहज म्हणाली होती, "ही मूळ आहे." मी विचारले, "कशावरून?" ती म्हणाली, "घातकसोटीवरून." मग मी काही बोललो नाही. माझ्या न बोलण्याबद्दल विभागात बऱ्याच दंतकथा आहेत, त्यांतल्या काही खऱ्या आहेत. तिने खडू उचलला, भागू लागली, खडू मोडला, आणि तेरावर येऊन थांबली. तेराने भाग गेला होता. "तेराचा पाढा शाळेत असतो," मी म्हणालो. बाहेरचे परीक्षक हसले. ती हसली नाही. तिला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, केसांत पांढरे आले, प्रमुखपद आले. आणि इतक्या वर्षांनी तिने मला तोतया परत केला होता, सव्याज, आठ अंकी. तुम्ही मूळ नाही आहात, सर. तुम्ही तसे दिसता. सगळ्या कसोट्यांना उतरता. आत मात्र तुकडे आहेत. हे ती मला चहा-बिस्किटांच्या साक्षीने सांगणार होती, आणि पद्धतीप्रमाणे आधी मी उभा राहणार होतो. म्हणजे पहिला वार माझा. वाटेत बसमध्ये मी भाषण रचले. ते थंड होते. तोतयांच्या इतिहासापासून सुरू होऊन ते, एकही नाव न घेता, विभागप्रमुखपदापर्यंत पोहोचत होते. असे भाषण ऐकल्यानंतर त्या विभागाच्या पायरीवर मला पुन्हा पाऊल ठेवता आले नसते, आणि तिने पुन्हा मला 'सर' म्हटले नसते. वाक्ये इतकी चोख बसली होती की ही किंमत मला वाजवी वाटली.

निरोपाचा चहा दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या मोठ्या वर्गात होता. छताला नवे पंखे फिरत होते. पहिल्या रांगेत सरासरी काठीवर हनुवटी टेकून बसला होता आणि पंख्याच्या वाऱ्याने शिंकत होता. "भिंतीला लावले असते तर वाचलो असतो," तो म्हणाला. "कुणी विरोध केला म्हणे." बायको दवाखाना लवकर बंद करून आली होती. ती माझ्या शेजारी बसली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून, लोकांच्या दाढेला हात लावण्याआधी ज्या आवाजात विचारते त्या आवाजात तिने विचारले, "कुठं दुखतंय?"

"मूळ नाही ती," मी पुटपुटलो. "तोतया आहे. मुद्दाम दिलाय. दोनशे अकरा, चारशे एकवीस, सहाशे एकतीस."

समोर विभागप्रमुख उभी राहून माझ्या ग्रंथांची संख्या सांगत होती. ती एकाने चुकली. मी तेही मनात टिपले.

"दोनशे अकरा," बायको म्हणाली. "म्हणजे तावदान नसलेली?"

"काय?"

"अहो, तुमची पहिली खोली. खिडकीला पुठ्ठा लावला होता तुम्ही. सरासरी आणि तुम्ही एकाच टेबलावर. मी यायचे तेव्हा ते शिंकत बाहेर जायचे, आणि बाहेर जाऊन शिंकायचेच." तिने मोजायला एक बोट दुमडले. "चारशे एकवीसमध्ये तो खांब. आणि सहाशे एकतीसची किल्ली तुमच्या खिशात आहे."

मी खिशात हात घातला. किल्लीला पितळेची चकती होती. ती इतकी वर्षे माझ्या बोटांना माहीत होती, डोळ्यांना नव्हती. मी ती टेबलाखाली उलटी केली. सहा, तीन, एक. आयुष्यभर मी आकड्यांकडे इतक्या जवळून पाहिले की त्यांच्यात राहत होतो हे मला दिसले नाही. आणि नेमक्या त्याच वेळी विभागप्रमुख म्हणाली, "सर, या."

मी उभा राहिलो. भाषण जिभेवर तयार होते. पहिले वाक्य तर ओठापर्यंत आले होते, आणि ते चांगले वाक्य होते. मला अजून त्याची हळहळ वाटते. समोर तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते, खडू हातात नव्हता, पण बोटे खडू धरल्यासारखीच होती. ती मला घाबरत होती. इतकी वर्षे घाबरत होती आणि तरी तिने हे काम दुसऱ्या कोणाला दिले नव्हते.

"ही संख्या मूळ नाही," मी म्हणालो. "परवा दुपारी मला ती मूळ वाटली आणि आनंद झाला. काल सकाळी ती तोतया निघाली आणि संताप आला. दोन्ही वेळा गणित बरोबर होतं. वाचन चुकलं." कोणीतरी कप खाली ठेवला. "तिचा पहिला मूळ विभाजक दोनशे अकरा. त्या खोलीत मी आणि समोर बसलेले हे गृहस्थ एका टेबलावर काम करत होतो. माझा पहिला शोधनिबंध त्यांच्या शिंकांच्या मधल्या अवकाशात लिहिला गेला. त्यात एक चूक होती, ती त्यांनी काढली. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि ते काहीच सांगायचं सोडत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे."

"नाक चोंदलेलं होतं," सरासरी म्हणाला.

"दुसरा चारशे एकवीस. मधोमध खांब. पलीकडे एक विद्यार्थिनी बसायची. आम्हाला एकमेकांची तोंडं दिसत नसत, म्हणून ती न घाबरता प्रश्न विचारायची. माझ्या दुसऱ्या पुस्तकातले निम्मे प्रश्न खांबापलीकडून आलेले आहेत. तिसरा सहाशे एकतीस. तिथं मी एकटा होतो. ती खोली मी ज्येष्ठतेच्या जोरावर मागून घेतली होती." इथे मी थांबलो, कारण पुढचे वाक्य मी रचलेले नव्हते आणि न रचलेली वाक्ये बोलायची मला सवय नाही. "यातला एकही काढला, तर उरते ती माझी संख्या नव्हे. मला एवढंच सापडलं."

मी खाली बसलो. बायकोने माझ्याकडे न पाहता माझ्या हातातली किल्ली काढून आपल्या पर्समध्ये टाकली, रोगी तोंड मिटतो तेव्हा ती आरसा काढून घेते तशी.

विभागप्रमुख उठली. तिने आणलेला कागद घडी घालून ठेवून दिला. "सरांचं बहुतेक काहीच सुटलं नाही," ती म्हणाली. "फक्त एक सांगते. मी तोतया शोधला नव्हता. तीन खोल्यांचे क्रमांक घेतले आणि गुणले, बस. मग सवयीनं घातकसोटी लावली. दोन परत आला, तीन परत आला. आणि मी म्हटलं, अरे वा, मूळ आहे." वर्गात हशा सुरू झाला. "स्वतःच्या हातानं गुणून काढलेली संख्या, सर. शाई वाळली नव्हती. आणि मी म्हटलं, मूळ आहे."

"कशावरून?" मी विचारले.

ती अशी हसली की तोंडी परीक्षेत राहून गेलेले हसूही त्यात आले. "घातकसोटीवरून, सर."

"तेराचा पाढा येतो ना अजून?"

"येतो. दोनशे अकराचा तेवढा राहिला होता."

चहा ओतला गेला. सरासरी काठी टेकत माझ्यापाशी आला आणि म्हणाला, दोनशे अकरा, चारशे एकवीस, सहाशे एकतीस, दर वेळी दोनशे दहाची उडी. म्हणजे पुढची तुझी खोली आठशे एक्केचाळीस. इमारत सहाच मजल्यांची आहे, मी म्हणालो. "सरासरी काढली तर आहे की," तो म्हणाला, आणि याचा अर्थ काय असे त्याला विचारायची चूक मी पूर्वी केलेली असल्यामुळे या वेळी केली नाही. विभागप्रमुख आली आणि तिने पुढच्या आठवड्यात येऊन नव्या विद्यार्थ्यांचे प्रश्न ऐकाल का असे विचारले. खोली कुठली, असे मी विचारले. चारशे एकवीस, ती म्हणाली. खांब अजून आहे.

घरी जाताना आम्ही चालत निघालो. रस्त्यावर दुकानांच्या दिव्यांनी उजेड पडू लागला होता. घरांवरचे क्रमांक मी वाचत होतो, सवय आहे. पण आज प्रत्येक क्रमांकामागे कोणीतरी भांडी घासत होते, कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होते, हेही ऐकू येत होते, आणि त्याने भागाकारात व्यत्यय येत नव्हता.

"ते आठशे एक्केचाळीस," बायकोने विचारले, "मूळ आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "एकोणतीस गुणिले एकोणतीस."

आमच्या घराच्या कोपऱ्यावर आल्यावर ती म्हणाली, "म्हणजे दोघंच."

"दोघंच."

"आणि दोघं अगदी सारखे. कुणी लहान नाही, मोठं नाही."

"हो. ती पूर्ण वर्ग संख्या असते. तिचे गुणधर्म..."

"मग उद्यापासून सकाळचा चहा एक दिवसाआड तुम्ही करायचा," ती म्हणाली आणि माझ्या पुढे होऊन जिना चढू लागली.